डाव्या पानावरची चूक : संवादी वहीच्या एका प्रयोगाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या एका वर्गाला मी सामान्य विज्ञान शिकवत होते. त्या वर्गातील एका वर्षाची ही हकिगत आहे. वर्गात चाळीसएक मुले होती आणि त्यांच्या वह्यांत नाव ठेवण्यासारखे काही नव्हते. समास आखलेले असत, शीर्षके अधोरेखित केलेली असत, आकृत्यांची नावे उजव्या बाजूला एकाखाली एक लिहिलेली असत आणि प्रत्येक स्वाध्यायाखाली माझी लाल सही असे. अडचण एवढीच होती की चाळीस वह्यांमधला मजकूर जवळजवळ एकच होता, आणि तो माझा होता. फळ्यावर मी लिहावे, त्यांनी उतरवून घ्यावे आणि मी पुन्हा तेच तपासून त्याखाली सही करावी, असा तो व्यवहार होता. अशा वहीवरून मुलाचे अक्षर कसे आहे ते समजते. त्याला काय समजले आहे याचा मात्र तिच्यात मागमूस नसतो.

हे माझ्या ध्यानात आणून दिले ते वनस्पतींच्या पोषणावरील घटक चाचणीने. प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या बहुतेकांनी अचूक लिहिली होती. त्याच प्रश्नपत्रिकेत मी सहज म्हणून एक जास्तीचा प्रश्न घातला होता : कुंडीत लावलेल्या लहानशा रोपाचे काही वर्षांनी मोठे झाड झाले, तर त्याच्या खोडात आलेले वजन कुठून आले? बहुतेक उत्तरे एकाच वळणाची होती. झाड मुळांवाटे मातीतून अन्न घेते, त्यामुळे वजन मातीतून आले, असे मुलांनी लिहिले होते. वनस्पती हवेतील कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांपासून अन्न तयार करते, हे वाक्य त्याच मुलाने, त्याच पानावर, पाच ओळी वर लिहिलेले होते. दोन्ही वाक्ये एकमेकांना छेद देतात हे लिहिणाऱ्याच्या ध्यानात आले नव्हते, कारण पहिले वाक्य त्याने पाठ केलेले होते आणि दुसरे त्याचे स्वतःचे होते. वहीत जागा मिळाली होती ती फक्त पहिल्याला.

पद्धत आणि तिची फसलेली सुरुवात

याच सुमारास मी संवादी वहीची, म्हणजे ज्याला सर्वत्र इंटरॲक्टिव्ह नोटबुक म्हणतात त्या पद्धतीची, वर्गात सुरुवात केली. अमेरिकेतील टीचर्स करिक्युलम इन्स्टिट्यूट या संस्थेने इतिहासाच्या अध्यापनासाठी ही पद्धत प्रचारात आणली आणि पुढे ती विज्ञान, गणित, भाषा अशा सगळ्याच विषयांत पसरली. तिची मूळ मांडणी साधी आहे. वही उघडली की समोर येणारी दोन पाने एक जोडी मानायची. उजव्या पानावर बाहेरून आलेली माहिती असते, म्हणजे शिक्षकाची टिपणे, पुस्तकातील व्याख्या, प्रयोगाची कृती, निरीक्षणांचा तक्ता. डाव्या पानावर त्याच माहितीचे विद्यार्थ्याने स्वतः काय केले ते येते. त्यात त्याचा अंदाज, त्याचे चित्र, त्याच्या शब्दांतील स्पष्टीकरण, त्याला पडलेली शंका असे काहीही येऊ शकते. पानांना क्रमांक असतात आणि सुरुवातीला अनुक्रमणिकेसाठी जागा सोडलेली असते. कॉर्नेल विद्यापीठातील वॉल्टर पॉक यांनी लोकप्रिय केलेल्या टिपणपद्धतीतही पानाचा एक उभा पट्टा विद्यार्थ्याच्या प्रश्नांसाठी राखून ठेवलेला असतो. संवादी वहीत त्या पट्ट्याचे पूर्ण पान होते, एवढाच काय तो फरक, असे म्हटले तरी चालेल.

पहिले तीन आठवडे फुकट गेले, आणि त्याचा दोष माझाच होता. विद्युत परिपथाचा घटक चालू होता आणि मी तयार नमुन्यांच्या मोहात पडले होते. विजेरीच्या आकाराचे कागदी खिसे, बल्बच्या आकाराच्या कापून चिकटवायच्या चकत्या, उघडझाप करणाऱ्या झडपा असे सारे मी छापून आणले. मुले खूश होती. तासाचा निम्मा वेळ कात्री आणि डिंक यांत जात होता, उरलेला वेळ कागदाचे कपटे गोळा करण्यात. वही फुगून बंद होईनाशी झाली. एका झडपेवर 'विद्युतधारा' असे रंगीत अक्षरांत लिहिलेले होते, आणि झडप उचलली की खाली काय होते? पुस्तकातील व्याख्या, शब्दाला शब्द. म्हणजे फळ्यावरून वहीत होणारी तीच उतरवणूक आता घडी घालून होत होती. त्यात भर म्हणून मी नीटनेटकेपणाला आणि सजावटीला गुण ठेवले होते. ज्याला गुण ठेवावेत ते मुले करतात. त्यांनी सजावट केली.

ही वही का फसते आहे हे मला कळले ते एका मुलाच्या उत्तरामुळे. त्याचे पान वर्गात सर्वांत देखणे होते. मी त्याला विचारले, की बल्बमधून बाहेर पडणाऱ्या तारेतील धारा आत येणाऱ्या तारेतील धारेपेक्षा कमी असेल, जास्त असेल की तेवढीच? तो ठामपणे 'कमी' म्हणाला, कारण मधल्या मध्ये बल्बने ती 'वापरली'. धारा बल्बमध्ये खर्ची पडते ही समजूत जगभरच्या मुलांत आढळते आणि विज्ञान शिक्षणाच्या अभ्यासकांनी तिची कित्येक दशकांपूर्वीच नोंद केलेली आहे. एकाच वाटेच्या परिपथात सर्वत्र धारा तेवढीच असते. बल्बमध्ये रूपांतर होते ते ऊर्जेचे. मला अस्वस्थ करणारी गोष्ट ही होती, की ही समजूत त्या दोन पानांवर कुठेच उमटलेली नव्हती. मी तोंडी विचारले नसते तर वर्षअखेरपर्यंत मला तिचा पत्ता लागला नसता.

बदल

त्यानंतर मी तीन गोष्टी बदलल्या. तयार नमुने बंद केले. घडी हवी असेल तर मुलाने साध्या कागदाची स्वतः घालावी आणि तिला पाच मिनिटांहून अधिक वेळ लागू नये. डाव्या पानाला बरोबर-चूक असे गुण देणे थांबवले. तिसरा बदल मुलांना सर्वांत जड गेला. डाव्या पानावर खोडरबर चालणार नाही, असा नियम केला. मत बदलले तर जुने मत तसेच ठेवायचे, त्यावर एकच आडवी रेघ मारायची आणि नवे मत वेगळ्या रंगाच्या शाईने, तारखेसह, त्याच पानावर लिहायचे. बऱ्याच मुलांना पहिल्या आठवड्यात हा नियम म्हणजे शिक्षाच वाटली. आयुष्यभर त्यांना सुबक वहीचे कौतुक ऐकायला मिळाले होते आणि आता चूक पुसायची नाही, असे सांगितले जात होते.

डावे पान केव्हा भरायचे याचा क्रमही उलटा केला. आधी मी शिकवत असे आणि मग मुले डावे पान भरत, त्यामुळे तिथे माझ्याच वाक्यांचे पडसाद उमटत. आता घटक सुरू होण्याआधी प्रश्न यायचा आणि मुलाने अंदाज लिहायचा. उजवे पान त्यानंतर. माणसाने स्वतः निर्माण केलेला शब्द नुसत्या वाचलेल्या शब्दापेक्षा चांगला लक्षात राहतो, हे स्लामेका आणि ग्राफ या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये प्रयोगांनी दाखवले होते. ते प्रयोग शब्दांच्या जोड्यांवरचे होते, झाडांवरचे किंवा विजेवरचे नव्हे. तरीही वर्गातला माझा अनुभव त्या निष्कर्षाच्या विरुद्ध गेला नाही.

एका वहीचे चौदावे पान

चाचणीतील तो अनुत्तरित प्रश्न घेऊन मी पुन्हा वनस्पतींच्या पोषणाकडे वळले. पुढचे वर्णन एका विद्यार्थिनीच्या वहीतील चौदाव्या पानाचे, म्हणजे डाव्या पानाचे आहे. ती वर्गात फारशी बोलत नसे आणि चाचणीत तिला मध्यम गुण मिळत.

निळ्या शाईत पहिली नोंद होती. दोन कुंड्या शेजारी शेजारी काढलेल्या, एकीत रोप, दुसरीत झाड. झाडाच्या कुंडीतील मातीची पातळी तिने खाली गेलेली दाखवली होती आणि शेजारी लिहिले होते : 'झाडाने माती खाल्ली.' हे चित्र मला त्या वर्षातील सर्वांत मौल्यवान वाटते, कारण त्यात नुसते चुकीचे मत नाही, त्या मताचा पडताळाही दडलेला आहे. झाड माती खात असेल तर माती कमी व्हायला हवी, हे तिने न सांगता काढून दाखवले होते.

दुसऱ्या दिवशी मी उजव्या पानासाठी सतराव्या शतकातील रसायनशास्त्रज्ञ यान बाप्टिस्टा व्हान हेल्मोंट यांच्या प्रयोगाची माहिती दिली. २०० पौंड वाळवलेली माती एका भांड्यात भरून त्यांनी ५ पौंड वजनाचे विलोचे रोप लावले, त्याला फक्त पाणी घातले आणि पाच वर्षांनी सगळे पुन्हा तोलले. झाड १६९ पौंड आणि सुमारे ३ औंस भरले. माती वाळवून तोलली तेव्हा ती सुमारे २ औंसांनी, म्हणजे एका पौंडाच्या आठव्या भागाने, कमी झाली होती. हा वृत्तान्त त्यांच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये प्रसिद्ध झाला. आकडे फळ्यावर लिहून मी काही न बोलता थांबले. त्या विद्यार्थिनीने 'माती'वर रेघ मारली आणि हिरव्या शाईत लिहिले : 'पाणी. कारण त्यांनी फक्त पाणीच घातले.' व्हान हेल्मोंट यांनीही नेमका हाच निष्कर्ष काढला होता, आणि तोही अपुराच होता. ('गॅस' हा शब्द याच गृहस्थांनी रूढ केला आणि कोळसा जाळल्यावर निघणारा वायू त्यांनी ओळखला होता, तरी आपल्या झाडात तोच वायू शिरतो आहे हे त्यांच्या ध्यानात आले नाही. हे सांगितल्यावर मुलांना चुकण्याची भीती बरीच कमी वाटू लागली.)

त्यापुढे कार्बन डायऑक्साइडचा भाग शिकवून झाला. कोरड्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मा कार्बन असतो आणि तो हवेतून येतो, हे उजव्या पानावर गेले. मुलांनी डाव्या पानावर लाल शाईत आपले मत दुरुस्त करावे अशी अपेक्षा होती. बहुतेकांनी 'हवा' असे लिहून विषय मिटवला. या मुलीने मात्र लिहिले : 'हवा असे उत्तर आहे. पण हवेला वजन असते हे मला खरे वाटत नाही, म्हणून मी आधी माती लिहिले होते.'

या एका ओळीने माझ्या अध्यापनातली फट दाखवून दिली. मी प्रकाशसंश्लेषण पुन्हा पुन्हा समजावत होते आणि अडथळा प्रकाशसंश्लेषणात नव्हताच. ज्याला हवा म्हणजे 'काहीच नाही' वाटते, त्याला हवेतून लाकूड बनते हे वाक्य पाठ करण्यावाचून दुसरा मार्ग नसतो. पुढच्या तासाला मी चेंडू आणि पंप घेऊन गेले. साधारण फुगलेला चेंडू नाजूक तराजूवर तोलला, मग त्याचा आकार फारसा बदलणार नाही इतपत आणखी हवा ठासून भरली आणि पुन्हा तोलला; वजन वाढले. नंतर वर्गाची लांबी, रुंदी आणि उंची मुलांनीच मोजली. खोली साधारण ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच भरली, म्हणजे १४४ घनमीटर. एक घनमीटर हवेचे वस्तुमान जमिनीलगत सुमारे १.२ किलो असते. गुणाकार सुमारे १७० किलोंवर आला तेव्हा वर्गात थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग एकाने विचारले, की इतके वजन असूनही आपण चिरडले का जात नाही. तो प्रश्नही एका डाव्या पानावर नोंदला गेला.

वहीने काय दिले

संवादी वहीचे फायदे सांगताना उत्साह, सहभाग, सर्जनशीलता असे शब्द नेहमी येतात. ते खोटे नाहीत, पण कात्री-डिंकाच्या त्या तीन आठवड्यांत उत्साह आणि सहभाग दोन्ही भरपूर होते आणि शिकणे फारसे नव्हते. त्यामुळे मी या शब्दांना फार वजन देत नाही. या प्रकरणातला खरा लाभ असा, की मुलाचा विचार पानावर राहिला, त्याच्यासमोर आणि माझ्यासमोर. मुलाला आपण आधी काय समजत होतो आणि का, हे मागे जाऊन पाहता आले. मला पुढचा तास कशावर घ्यायचा ते कळले. चाचणीची उत्तरपत्रिका हे काम करत नाही, कारण ती घटक संपल्यावर येते आणि तिच्यात मूल आपल्याला अपेक्षित तेच लिहिण्याचा प्रयत्न करते.

वही उघडण्याआधीची पाच मिनिटेही उपयोगी पडली. आठवड्यातून दोनदा मी वह्या बंद ठेवून मागच्या एखाद्या पानावरचा प्रश्न विचारत असे, मुले कोऱ्या चिठ्ठीवर आठवेल ते लिहीत, मग वही उघडून ताडून पाहत. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत मजकूर पुन्हा वाचणारे पुढे होते आणि आठवड्याने घेतलेल्या परीक्षेत आठवून लिहिणारे पुढे होते. वही जितकी देखणी तितका ती नुसती चाळत बसण्याचा मोह अधिक, म्हणून हा बंद वहीचा सराव मी पद्धतीचाच भाग मानते.

चित्रे काढण्याचा सर्वांनाच फायदा झाला असे मात्र नाही. एका मुलाला चित्र काढणे मनापासून नकोसे होते आणि त्याची डावी पाने सुरुवातीला कोरीच राहत. त्याला मी सांगितले, की चित्राऐवजी घरातल्या लहान भावंडाला समजावतोस असे समजून चार वाक्ये लिही. त्याची पाने पुढे वर्गात वाचून दाखवण्यासारखी झाली. डाव्या पानाचा प्रकार निवडण्याची मुभा मुलाला द्यावी. ते पान टाळण्याची मुभा देऊ नये, असे माझे मत त्यावरून बनले.

अडचणी

सर्वांत मोठा प्रश्न वेळेचा होता. एका वहीला तीन मिनिटे धरली तरी चाळीस वह्यांना दोन तास लागतात, आणि डावे पान म्हणजे खूण करून उलटायचे पान नव्हे. मी दर आठवड्याला दहाच वह्या नीट वाचायचे ठरवले, म्हणजे महिन्यातून एकदा प्रत्येकाची पाळी येई. शेरा म्हणून 'छान' किंवा 'सुधारणा हवी' न लिहिता एकच प्रश्न लिहायचा आणि त्याचे उत्तर मुलाने त्याच पानावर द्यायचे. उरलेल्या आठवड्यांत मुले जोडीदाराच्या पानावर प्रश्न लिहीत. त्यातले काही प्रश्न माझ्यापेक्षा चांगले असत.

काही पालकांना खोडाखोडीच्या वह्या पाहून शाळेत शिस्त राहिली नाही असे वाटले, आणि वह्यांच्या पाहणीच्या वेळी वरिष्ठांनीही रेघ मारलेल्या चुका तशाच का ठेवल्या, असे विचारले. दोन्ही वेळा मी चौदाव्या पानासारखे एखादे पान क्रमाने वाचून दाखवले. पालकांपैकी बऱ्याच जणांना ते पटले. वरिष्ठांनी उजवी पाने सुबक असावीत एवढी अट घातली, आणि ती मला मान्य होती.

एका मुलाची वही हरवली. नेहमीच्या वहीची पाने मित्राकडून उतरवून घेता आली असती. डावी पाने मात्र कुणाकडूनच मिळणार नव्हती. तेव्हापासून वह्या वर्गातल्या कपाटात राहू लागल्या आणि घरी न्यायच्या तर नोंद करून. पडद्यावरची वही वापरली असती तर ती हरवली नसती, हे खरे. पण तिथे जुने मत मिटवणे एका बोटाचे काम असते, आणि या पद्धतीत नेमके तेच नको होते. लॅपटॉपपेक्षा हाताने टिपणे काढणाऱ्यांना विषय अधिक समजतो, हा २०१४ च्या म्युलर आणि ओपेनहायमर यांच्या अभ्यासाचा निष्कर्ष बराच गाजला, पण २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुनरावृत्तीत तो लाभ आढळला नाही. म्हणून कागदाचा कैवार मी त्या आधारावर घेत नाही.

वर्षअखेरीच्या परीक्षेत झाडाच्या वजनाचा प्रश्न वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारला तेव्हा 'माती' लिहिणारी मुले थोडीच उरली होती. त्याचे सगळे श्रेय वहीचे नाही. चेंडूचे, तराजूचे आणि तोच घटक दुसऱ्यांदा शिकवला गेल्याचेही आहे. तुलनेला दुसरा वर्ग नव्हता. वही नसती तर चेंडू आणि तराजू वर्गात आलेच नसते, एवढे मात्र मी खात्रीने सांगू शकते.

चौदाव्या पानावर पुढे आणखी एक नोंद झाली. ती मी सांगितलेली नव्हती. कोपऱ्यात उरलेल्या जागेत, पेन्सिलीने, दीड महिन्यानंतरची तारीख घालून त्या मुलीने लिहिले होते : 'मग लाकूड जाळल्यावर राख एवढीशीच का उरते? बाकीचे वजन परत हवेत जाते का?' ज्वलनाचा घटक दोन आठवड्यांनी सुरू व्हायचा होता. त्याच्या पहिल्या तासाला मी पुस्तक न उघडता हा प्रश्न, तिची परवानगी घेऊन, फळ्यावर लिहिला आणि सर्वांना डावे पान उघडायला सांगितले.